शिकता शिकता पडलेले वैमानिक

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात फोर्ट वर्थ नावाचे शहर आहे. तेथील ग्रीनवुड दफनभूमीत ब्रिटिश वायुदलाच्या अकरा तरुणांची थडगी एका जागी आहेत. थडग्यांवरील साले १९१७ व १९१८ अशी आहेत, म्हणजे ऐन पहिल्या महायुद्धातील. परंतु ज्या जर्मन शत्रूशी लढावयाचे म्हणून या मुलांनी वायुदलात नावे घातली, त्याचे विमान त्यांच्या दृष्टीसही पडले नाही. आघाडी फ्रान्समध्ये, अटलांटिक महासागराच्या पलीकडे होती. कॅनडातील कडक हिवाळ्यात विमाने उडविणे दुर्घट, म्हणून १९१७ च्या नोव्हेंबरात रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश दलाच्या तेथील विमानशाळा टेक्ससच्या उघड्या माळावर आल्या आणि १९१८ च्या एप्रिलपर्यंत तेथे राहिल्या. तेवढ्या पाचसहा महिन्यांत त्यांची ३९ माणसे अपघातांत दगावली.

महायुद्धातील आकाशयुद्धाचा इतिहास वाचू लागले म्हणजे रिश्टहोफेन, बॉल, गिनेमेर अशा वीरांची नावे पानोपानी भेटतात. कोणी किती विमाने पाडली याच्या याद्या मुले तोंडपाठ करतात. त्या याद्यांत ज्यांना कधी जागा मिळणे शक्य नव्हते, अशा तरुणांची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. ते लढाईत पडले नाहीत, शिकताना पडले. धारातीर्थी पडलेल्याच्या घरी सेनापतीचे गौरवपर पत्र जाई. यांच्या घरी ‘अपघात’ एवढा एक शब्द जाई. आणि अपघात म्हटले की कोणाचा दोष नाही, दैवाची गोष्ट, असा समज आपोआप होतो. वस्तुतः या मृत्यूंपैकी पुष्कळसे दैवाने ओढवलेले नव्हते. शिकविणाऱ्यांना शिकविता येत नव्हते म्हणून ते ओढवले होते. आणि हे कोणा टीकाकाराने मागाहून ठरविलेले मत नसून, त्याच दलातील एका लंगड्या अधिकाऱ्याने युद्ध चालू असतानाच ते वरिष्ठांना लिहून कळविले होते.

युद्ध सुरू झाले तेव्हा विमानविद्येचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात पहिले उड्डाण केले, आणि १९१४ च्या ऑगस्टात त्याच विद्येच्या जोरावर सैन्ये एकमेकांवर टेहळणी करू लागली. ब्रिटिश शाळांतून प्रथम जी विमाने शिकण्यासाठी वापरीत ती मॉरिस फार्मन नावाच्या फ्रेंच कारखानदाराच्या बांधणीची होती. लाकडी काठ्या, तारा आणि कापड यांचा तो पिंजरा, इंजिन पाठीमागे. शिक्षक पुढे बसे, विद्यार्थी त्याच्या मागे. आणि विद्यार्थ्याने शिक्षकाच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घालून दांड्याला कसेबसे बोट लावावयाचे, याला शिक्षण म्हणत. इंजिनाच्या आवाजात एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू जात नसे. शिक्षकास काही सांगावयाचे झाले तर तो ओरडे, मान हलवी, नाहीतर टोपीवर टपली मारी. असे थोडे तास झाले की विद्यार्थ्यास एकट्याला विमान देऊन मैदानाभोवती एक फेरी मारून यावयास सांगत. तो उतरला म्हणजे शिकला. न उतरला तर त्याची जागा घेण्यास दुसरे पुष्कळ उभे होते.

शिकविणारे तरी कोण? बहुतेक आघाडीवर थकलेले, जायबंदी झालेले किंवा मनाने खचलेले वैमानिक. त्यांना विसावा म्हणून शाळेत पाठवीत. उत्तम उडविणारा तो उत्तम शिकविणाराही असावयाचाच, असे सेनाधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. (ज्याला गणित येते त्याला गणित शिकविता येते, असे मानणाऱ्या शाळाचालकांची जात सर्व देशांत सारखीच.) हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना ‘हूण’ म्हणत. हूण म्हणजे त्या काळच्या इंग्रजी बोलीत जर्मन. ही पोरे शत्रूपेक्षाही जास्त विमाने मोडतात, असा त्या थट्टेतला भाव होता. थट्टा म्हणून ती ठीक होती. पण विद्यार्थ्याच्या शेजारी बसून आपला जीव त्याच्या हातात देण्याची नाखुशीही तिच्यात होती. धोक्याच्या हालचाली मुद्दाम करून दाखवाव्यात, हे कोणाच्या मनातही येत नसे. उलट, तिरपे वळू नका, वाऱ्यात उडू नका, नाक उचलू नका, अशा नकारांची माळ विद्यार्थ्याच्या गळ्यात घालीत. आणि एखादे दिवशी वाऱ्याने किंवा इंजिनाने त्याला नेमक्या त्याच संकटात नेऊन टाकले म्हणजे त्यातून बाहेर कसे पडावे, याचे अक्षरही त्याला ठाऊक नसे.

या संकटांपैकी सर्वांत भयंकर म्हणजे गिरकी. इंग्रजीत तिला स्पिन म्हणतात. विमानाला आकाशात आधार देतो तो त्याचा वेग. वेग एका मर्यादेखाली उतरला किंवा नाक अवाजवी वर गेले, की पंखांवरून सुरळीत वाहणारा वारा विस्कटतो आणि आधार सुटतो. एक पंख दुसऱ्याच्या आधी खचला तर विमान त्या अंगाला कलंडते आणि नाक खाली करून मळसूत्राप्रमाणे गरगरत जमिनीकडे येऊ लागते. अशा वेळी मनुष्याची सहजप्रवृत्ती त्याचा घात करते. जमीन अंगावर येताना दिसली म्हणजे कोणीही नाक वर करण्यासाठी दांडा पोटाशी ओढणारच. पण दांडा ओढला की पंखांचा सुटलेला आधार परत मिळण्याची आशाच संपते. उपाय याच्या अगदी उलट आहे. गिरकी ज्या अंगाला आहे त्याच्या विरुद्ध बाजूस पायाने सुकाणू दाबावयाचे आणि दांडा पुढे ढकलावयाचा, म्हणजे आधीच जमिनीकडे पडत असलेले विमान आणखी जमिनीकडे लोटावयाचे. ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय आणि एकदा करून घेतल्याशिवाय सुचणे अशक्य.

मैदानावरून निघताच इंजिन बंद पडणे, हा तर नेहमीचा प्रसंग होता. त्या वेळी विमान समोर जेथे जागा असेल तेथे, शेतात किंवा कुंपणात का होईना, सरळ उतरविले तर फार तर चाके मोडत. परंतु पाठीमागे ओळखीचे मैदान असते, तेथे परत जाण्याचा मोह होतो. वेग कमी, उंची कमी, आणि त्यात वळण. मग गिरकी ठरलेली, आणि तीतून सावरण्यास खाली जागा नाही. कित्येक थडग्यांची कथा या तीन-चार वाक्यांत संपते. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्रीही देत नसत. ती फुग्यांतून टेहळणी करणारांना मिळे, विमानांतील माणसांना नव्हे.

गिरकीचा उपाय मुळीच ठाऊक नव्हता, असेही नाही. १९१२ च्या ऑगस्टात सॅलिसबरीच्या माळावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातील अधिकारी गिरकीत सापडला. दांडा ओढून पाहिला, काही चालेना. शेवटी जमीन अगदी हाताशी आली असता त्याने सुकाणू उलट दाबले आणि विमान सरळ झाले. ही हकीकत त्या वेळी प्रसिद्धही झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पार्क दुसऱ्या एका अपघातात मरण पावला. पुढे १९१६ च्या ऑगस्टात फार्नबरो येथे फ्रँक गुडन याने मुद्दाम विमान गिरकीत घालून बाहेर काढून दाखविले, आणि १९१७ मध्ये लिंडमन या पदार्थविज्ञानाच्या पंडिताने स्वतः उडावयास शिकून हेच प्रयोग मोजमापासह केले. हाच लिंडमन दुसऱ्या महायुद्धात चर्चिलचा शास्त्रीय सल्लागार होता. एवंच, ज्ञान होते. परंतु ते प्रयोग करणाऱ्यांपाशी होते. शिकणाऱ्या पोरापर्यंत ते पोचविण्याची वाट कोणी बांधलेली नव्हती.

ती वाट ज्याने बांधली त्याचे नाव रॉबर्ट स्मिथ-बॅरी. हा १८८६ साली जन्मलेला, आयरिश जमीनदार घराण्यातला, सुखवस्तू आणि काहीसा विक्षिप्त गृहस्थ. १९११ मध्ये तो उडावयास शिकला आणि १९१२ साली अपाव्हन येथे सरकारी मध्यवर्ती विमानशाळा निघाली तेव्हा तिच्या पहिल्याच तुकडीत होता. युद्ध सुरू होताच तो पाचव्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्सला निघाला. परंतु १८ ऑगस्ट १९१४ रोजी, आघाडी गाठण्यापूर्वीच, पेरोन गावाजवळ त्याचे विमान कोसळले. बरोबरचा कॉर्पोरल मेला. स्मिथ-बॅरीचे दोन्ही पाय मोडले आणि जन्मभर तो लंगडत चालला. ज्या प्रकारच्या मृत्यूविरुद्ध त्याने पुढे मोहीम काढली, तो मृत्यू त्याने आपल्या शेजारच्या आसनावर पाहिला होता.

१९१६ च्या जुलैत सोमची लढाई पेटली असता तो साठाव्या स्क्वाड्रनमध्ये होता. त्या पथकाचा प्रमुख मेजर वॉल्ड्रन ३ जुलैला पडला आणि पथक स्मिथ-बॅरीच्या हाती आले. पडलेल्यांच्या जागी इंग्लंडहून नवे वैमानिक येऊ लागले. त्यांच्या वह्या पाहता, कित्येकांच्या नावावर एकंदर सात तासांचे उड्डाण! अशांना जर्मन हद्दीवर पाठविण्याचे त्याने साफ नाकारले. हा युद्धाचा हुकूम नसून निव्वळ खून आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने वरिष्ठांना दिले. सैन्यात असे उत्तर देणारास सहसा घरी पाठवितात. स्मिथ-बॅरीलाही घरी पाठविले, पण वेगळ्या रीतीने. त्याने शिक्षणपद्धतीतील दोष दाखविणारी पत्रे दलाचा फ्रान्समधील सेनापती ट्रेंचर्ड यास लिहिली, आणि ट्रेंचर्डने, तुला इतके कळते तर तूच करून दाखव, असा पवित्रा घेऊन १९१६ च्या डिसेंबरात त्याची नेमणूक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथील शिकाऊ स्क्वाड्रनवर केली. ट्रेंचर्डवर माणसे फुकट घालविल्याचा आरोप अनेकांनी केला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु या एका नेमणुकीचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

गॉस्पोर्टला स्मिथ-बॅरीने काय केले ते पाहिले तर प्रथम ते फार साधे वाटते. नाना जातींची जुनी विमाने काढून टाकून त्याने अ‍ॅव्रो ५०४ जातीचे, दोन्ही आसनांपुढे सारखीच यंत्रणा असलेले विमान घेतले. या विमानात मागचे आसन वैमानिकाचे. तेथे त्याने विद्यार्थ्याला बसविले आणि शिक्षकाला पुढच्या, उतारूच्या आसनावर नेले. म्हणजे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून ज्या जागी बसून शिके, त्याच जागेवरून पुढे एकटा उडे. हाताला आणि डोळ्याला नवे असे काही राहत नसे. दोघांच्या टोप्यांमध्ये बोलण्याची एक रबरी नळी जोडली. ही नळी पुढे ‘गॉस्पोर्ट नळी’ म्हणूनच जगभर ओळखली गेली. एवढ्याशा रबराने शिक्षक प्रथमच शिक्षक झाला. कारण चूक घडत असतानाच ती सांगता येऊ लागली. पूर्वी चूक सांगण्याची वेळ विमान उतरल्यावर येई, आणि ते न उतरल्यास येतच नसे.

परंतु यंत्राहून महत्त्वाची होती ती दृष्टी. धोका टाळावयास शिकवू नका, धोक्यात शिरून बाहेर पडावयास शिकवा, हे त्याचे सूत्र. उंचावर नेऊन शिक्षक विद्यार्थ्याकडून मुद्दाम आधार सोडवी, गिरकी घेववी आणि ‘आता सुकाणू उलट, आता दांडा पुढे’ असे नळीतून सांगून त्याच्याच हातून ती थांबवी. आडव्या वाऱ्यात उतरणे, इंजिन बंद करून शेतात उतरणे, तिरकी वळणे, पूर्वी ज्यांना मनाई होती ते सर्व धडे झाले. विमान असे का वागते, हेही समजावून देत. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर शिक्षकाने पाठ फिरवावयाची, ही जुनी रीत मोडून त्याने शिक्षकाला शेवटपर्यंत बरोबर बसविले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकांनाच आधी विद्यार्थी केले. १९१७ च्या ऑगस्टात गॉस्पोर्टच्या शाळेला ‘स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग’ असे नाव मिळाले, ते शिक्षक घडविण्यासाठी. तेथून शिकून गेलेल्यांनी देशभर तशाच शाळा काढल्या. अमेरिकनांनीही ती पद्धत उचलली. जगातील वायुदलांना उडावयास शिकविणारा मनुष्य, असे स्मिथ-बॅरीचे वर्णन पुढे केले गेले. पदाचा व कचेरीचा त्याला कंटाळा होता. १९४९ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे तो वारला, तेव्हा सामान्य वर्तमानपत्रवाचकास त्याचे नाव फारसे आठवत नव्हते.

जुन्या शिक्षणाची किंमत आघाडीवर किती मोजावी लागत होती, हे १९१७ च्या एप्रिलने दाखविले. आरासच्या लढाईच्या त्या एका महिन्यात ब्रिटिशांची २४५ विमाने गेली; २११ वैमानिक व सहकारी मेले किंवा बेपत्ता झाले, १०८ कैद झाले. इंग्रज लोक त्या महिन्याला ‘रक्ताळलेला एप्रिल’ म्हणतात. जर्मन विमाने सरस होती हे खरे. तथापि त्यांच्यापुढे आलेली पोरे कच्ची होती, हेही तितकेच खरे. शाळेत वाचविलेले तास आघाडीवर व्याजासह वसूल होत होते.

नवी पद्धत आली म्हणून मृत्यू थांबले, असे मात्र समजू नये. शिकणारांची संख्या फुगत चालली होती आणि नवी विमाने अधिक तापट होती. सॉपविथ कॅमल हे त्या युद्धातील अत्यंत यशस्वी लढाऊ विमान. पण त्याचे जड इंजिन स्वतःभोवती गरगर फिरे, त्यामुळे विमान एका अंगाला झटकन आणि दुसऱ्या अंगाला कष्टाने वळे. त्यावर एकच आसन, म्हणजे शिक्षकाला बरोबर बसण्याची सोयच नाही. कॅमलवरील पहिलेच उड्डाण पुष्कळांचे शेवटचे ठरले. अखेर मध्यवर्ती विमानशाळेत लुई स्ट्रेंज या अधिकाऱ्याच्या कारकीर्दीत काही कॅमलांची टाकी हलवून तेथे दुसरे आसन व दुसरा दांडा बसविला. उपाय पुन्हा तोच: गुरूला शिष्याशेजारी जागा द्या. आणि उस्तादांनाही आकाश क्षमा करीत नसे. ५७ विमाने पाडणारा, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी जेम्स मॅकडन ९ जुलै १९१८ रोजी आघाडीवर रुजू होण्यास जात असता, मैदानावरून वर चढताच विमान बिघडून झाडीत कोसळला आणि मेला.

टेक्ससमधील ३९ मृतांपैकी एकाचे नाव तेव्हा अमेरिकेत घरोघरी ठाऊक होते. व्हर्नन कॅसल हा मूळचा इंग्लंडातील नॉर्विचचा. पत्नी आयरीनसह त्याने न्यूयॉर्कमध्ये नृत्याची अशी लाट उठविली होती की बायकांनी आयरीनसारखे केस कापून घ्यावेत. १९३९ साली फ्रेड अ‍ॅस्टेअर व जिंजर रॉजर्स यांनी याच दांपत्यावरील बोलपटात कामे केली. युद्ध आले तसा कॅसल ही सर्व मिळकत टाकून वायुदलात शिरला, फ्रान्समध्ये लढला, फ्रेंचांचे शौर्यपदक मिळविले आणि मग शिक्षक म्हणून कॅनडात व तेथून फोर्ट वर्थजवळच्या बेनब्रुक येथे आला. कॅनडात असताना त्याचा एक विद्यार्थी पुढच्या आसनावर असता अपघातात मेला आणि मागे बसलेला कॅसल वाचला, असे सांगतात. विमान नाकावर पडले म्हणजे पुढचा मनुष्य प्रथम मरतो. तेव्हापासून कॅसल विद्यार्थ्याला मागे बसवून स्वतः पुढे बसू लागला. १५ फेब्रुवारी १९१८ रोजी बेनब्रुकच्या मैदानावर उतरत असता दुसरे विमान आडवे आले. टक्कर टाळण्यासाठी कॅसलने नाक एकदम वर उचलले, आधार सुटला आणि विमान खाली आदळले. मागचा विद्यार्थी वाचला. कॅसल तीस वर्षांचा होता.

या शाळांतून आपल्या देशाचेही काही तरुण गेले. हरदित सिंग मलिक, एरोल चंदर सेन, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर आणि कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय या चौघांची नावे पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिक म्हणून प्रसिद्ध आहेत. पैकी वेलिंगकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये असता जखमी होऊन १९१८ च्या जूनमध्ये जर्मनांच्या कैदेत वारले. फ्रान्समध्येच त्यांचे थडगे आहे. रॉय यांची कथा आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९१७ च्या डिसेंबरात, नव्यानेच आघाडीवर आले असता त्यांचे विमान कोसळले. ते मेले असे समजून त्यांना प्रेतागारात ठेवले होते आणि शुद्धीवर येऊन त्यांनी दार ठोठावले, अशी आख्यायिका आहे. ते इंग्लंडला परत गेले, उड्डाणास अपात्र ठरले, पण हट्टाने पुन्हा तपासणीस उतरले, पुन्हा शिकले आणि १९१८ च्या जूनमध्ये ४० व्या स्क्वाड्रनमध्ये आले. तेथे मॅकेलरॉय या कसलेल्या तुकडीप्रमुखाच्या हाताखाली ९ ते १९ जुलै या अवधीत त्यांच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला ते लढता लढता पडले. डिसेंबरातला कोवळा रॉय आणि जुलैतला रॉय यांच्यात जो फरक होता तो धैर्याचा नव्हे. धैर्य आधीही होतेच. मध्यंतरी मिळालेल्या सहा महिन्यांच्या शिक्षणाचा तो फरक होता.

मृतांच्या संख्येविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण या बाबतीत एक चुकीचा आकडा फार पसरला आहे. ब्रिटिशांचे १४ हजार वैमानिक मेले आणि त्यांतील ८ हजार शिकताना मेले, असे पुष्कळ पुस्तकांत आढळते. आता अधिकृत गणनेप्रमाणे त्या युद्धात ब्रिटिश वायुदलांचे सर्व मिळून मृत व बेपत्ता ९,३७८ भरतात. त्यांतून ८ हजार वजा केले तर चार वर्षांच्या सर्व लढायांसाठी जेमतेम चौदाशे उरतील. आणि वर सांगितलेल्या एका एप्रिलनेच त्यांपैकी दोनशेहून अधिक खाल्ले होते! तेव्हा हा आकडा टिकत नाही. शिकताना मेलेल्यांची संख्या मोठी होती, लाज वाटावी इतकी मोठी होती. पण ती फुगविल्याने त्या मुलांचा मान वाढत नाही. उलट, ज्यांना आधीच एका शब्दात गुंडाळले त्यांना मग एका खोट्या आकड्यात गुंडाळल्यासारखे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी गॉस्पोर्टचा धडा सर्वांनी गिरविलेला होता. १७ डिसेंबर १९३९ रोजी झालेल्या कराराने कॅनडा हा राष्ट्रकुलाचा विमानविद्यालय बनला. तेथून १,३१,५५३ वैमानिक, मार्गदर्शक, गोलंदाज इत्यादि शिकून बाहेर पडले आणि ८५६ जण शिकताना मेले; म्हणजे सुमारे दीडशे उत्तीर्णांमागे एक. आपल्याकडे बेगमपेठ व जोधपूर येथे टायगर मॉथवर आणि पुढे अंबाल्यास, असे शिक्षण चाले. त्या टायगर मॉथमध्येही तीच गॉस्पोर्ट नळी होती. प्राथमिक शाळा खूपच सुधारल्या होत्या. मृत्यू आता पुढच्या इयत्तेत जाऊन बसला होता. इंग्लंडातील ढग, धुके, युद्धामुळे काळोखी केलेल्या रात्री, आणि सरावासाठी दिलेली आघाडीवरून निवृत्त, झिजलेली बाँबफेकी विमाने! ब्रिटिश बाँबर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकी ८ हजारांहून अधिक जण शत्रूवरील स्वारीत नव्हे, तर शिक्षण व इतर उड्डाणांतील अपघातांत गेले. येथे दोष शिक्षकांचा म्हणता येत नाही. माणसे जितक्या लवकर पाहिजे होती तितक्या लवकर ती सुरक्षितपणे तयार होण्याजोगी नव्हती, आणि राज्यकर्त्यांनी ते जाणूनच तो खर्च पत्करला होता.

जॉन गिलेस्पी मगी हा एकोणीस वर्षांचा तरुण, अमेरिकन मिशनऱ्याचा मुलगा, कॅनडाच्या वायुदलात होता. उड्डाणाच्या आनंदावरील त्याचे ‘हाय फ्लाइट’ हे लहानसे इंग्रजी काव्य पुढे जगभर गाजले. ११ डिसेंबर १९४१ रोजी लिंकनशायरमध्ये ढगांतून खाली येत असता त्याच्या स्पिटफायरची क्रॅनवेलच्या शाळेतील एका शिकाऊ विमानाशी टक्कर झाली. त्या विमानातील विद्यार्थीही एकोणीस वर्षांचाच होता. दोघेही मेले. एकाची कविता शाळांतून पाठ करून घेतात; दुसऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

ब्रिटिश मुले पुन्हा टेक्ससलाही गेली. डॅलसजवळच्या टेरेल गावी १९४१ पासून त्यांची शाळा होती आणि तेथील वीस विद्यार्थी त्या गावच्या मातीत पुरले आहेत. त्यांतील चौघे एकाच दिवशी गेले. २० फेब्रुवारी १९४३ रोजी टेरेलहून उत्तरेकडे निघालेली त्यांची दोन विमाने ओक्लाहोमाच्या डोंगरांत ढगांत सापडून आदळली. त्या डोंगरात आता त्यांचे स्मारक आहे. अपघातानंतर सत्तावन्न वर्षांनी, २००० साली, त्याच तारखेस ते उघडले.

खुद्द अमेरिकेचे तर त्या युद्धाच्या काळात स्वदेशातच, शत्रूची गोळी न लागता, लष्करी विमानांच्या अपघातांत सुमारे १५ हजार लोक मेले. त्यांत ३८ स्त्रिया होत्या. पुरुष वैमानिक आघाडीसाठी मोकळे व्हावेत म्हणून सप्टेंबर १९४२ पासून अमेरिकन सैन्याने स्त्री-वैमानिक घेण्यास आरंभ केला. २५ हजारांहून अधिक अर्ज आले. १,०७४ जणी टेक्ससमधील शाळांतून, मुख्यतः स्वीटवॉटर गावच्या मैदानावरून, शिकून बाहेर पडल्या. कारखान्यातून निघालेली विमाने देशभर पोचविणे, दुरुस्त झालेली विमाने उडवून पाहणे, आणि तोफांच्या सरावासाठी कापडी निशाण शेपटीला बांधून तोफांसमोरून उडणे, ही त्यांची कामे. मृतांपैकी अकरा जणी शिकत असताना गेल्या, सत्तावीस काम करताना. गणवेश लष्करी, हुकूम लष्करी, विमाने लष्करी. परंतु कागदोपत्री या स्त्रिया मुलकी नोकर होत्या. म्हणून मेल्यावर त्यांच्या शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही, सलामी नाही, घरच्यांना निवृत्तिवेतन नाही. शव गावी पोचविण्याचा खर्चही सरकारकडे लागू होत नव्हता. तो पुष्कळदा मैत्रिणींनी वर्गणी काढून भागविला आणि त्यांच्यातलीच एखादी शवपेटीबरोबर आगगाडीने जाई. डिसेंबर १९४४ मध्ये हे पथक मोडले. त्या स्त्रियांना माजी सैनिक म्हणून मान्यता देणारा कायदा १९७७ साली झाला, आणि अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना २०१० साली मिळाले. तोवर त्या अडतीस जणींच्या बहुतेक आईबापांनी जगाचा निरोप घेतला होता.